काठावरचा हात

माझ्या नणंदेला लोक ‘कार्डवाली’ म्हणतात आणि म्हणताना हसतात. मला त्या हसण्याची चीड आहे. चारचौघांत कुणी विचारलं, “तुमच्या ताई अजून ते पत्ते रंगवतात का हो?” की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पत्ते नव्हेत ते. आणि रंगवतात म्हणजे काय, कुंपण आहे का ते?

नीटच सांगते. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारलेलं तिला चालत नाही. बिस्किटांच्या पुड्यांवर आणि साबणाच्या वेष्टनांवर चित्रं काढायची नोकरी तिने जन्मभर केली, निवृत्त झाली, आणि आता आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. आमचं दोघींचं फार गुळपीठ आहे असंही नाही. ती नळ घट्ट बंद करत नाही, मी दारं आपटते, त्यावरून रोज एक तरी चकमक ठरलेली. पण बाहेरच्या कुणी तिच्याबद्दल वेडंवाकडं बोललेलं मला खपत नाही. भांडायचं तर मी भांडेन. तो हक्क घरातला आहे.

आमच्या लहानपणी गोळ्यांच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं मिळायची. तळहाताएवढा पुठ्ठा, पुढे उडी मारणारा बास्केटबॉलपटू, मागे त्याची उंची, वजन, किती बास्केट केले, किती पास दिले. ताई तशीच कार्डं करते, फक्त तिचे खेळाडू कधीच खेळलेले नसतात. ते सगळे पडद्यावरचे. मालिकेतली दुधात विष कालवणारी सासू ताईच्या संघात सेंटर आहे. रिंगखाली कंबरेवर हात ठेवून उभी राहते, आत कुणाला येऊ देत नाही. तिच्या कार्डामागे ‘आवड’ या रकान्यात लिहिलंय, ‘दुसऱ्यांचे फोन ऐकणे’. कार्टूनमधला डबड्याचा रोबो गार्ड आहे, कारण तो जन्मात स्वतःसाठी काही ठेवत नाही, आलं की दुसऱ्याला देतो. तो एक हवालदार आहे ना, प्रत्येक भागात सगळं आटोपल्यावर पोचणारा? तो बेंचवर. अंगात आख्खा ट्रॅकसूट, खेळायला उतरण्याची काही चिन्हं नाहीत.

कोण कुठे खेळेल हे ठरवायला ताई ती मालिका पुन्हा पुन्हा बघते. अशा वेळी तिला जेवायला हाक मारायची सोय नसते. एकदा मी म्हटलं, “अहो ताई, खोट्या माणसांचे एवढे काय लाड?” तर म्हणाली, “ती खोटी आहेत म्हणून मी खोटं लिहू का?”

आणि ही कार्डं जुनी दिसली पाहिजेत, हा तिचा कटाक्ष. गुळगुळीत पांढरा कागद तिला चालत नाही. करडा, जरासा खडबडीत पुठ्ठा लागतो. रंग बारीक बारीक ठिपक्यांनी भरायचा आणि तांबडा रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकलेला ठेवायचा, कारण तेव्हाच्या छपाईत तो सरकायचाच. छापून झालं की कार्डाला कोऱ्या चहाचा हात द्यायचा, वाळवायचं, आणि मग स्वेटरच्या खिशात किल्ल्यांबरोबर टाकून भाजी आणायला जायचं. दोन-चार वेळा बाजार फिरून आलं की कोपरे मऊ होतात. आमच्याकडे कुणी पाव आणायला विसरलं तर ताई तक्रार करत नाही, उलट खूश होते. तिला कार्ड फिरवायला निमित्त मिळतं.

तिच्या कार्डांत आणखी एक गंमत असते, आणि घेणारे नेमकं तेच विचारतात. प्रत्येक कार्डात, कडेच्या चौकटीतून, एक हात आत आलेला असतो. मनगटापर्यंतच. बोटं पसरलेली, अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. सासू असो, रोबो असो, हात आहेच. हवालदाराच्या कार्डात तो हात बेंचच्या मागून येतो. कुणी विचारलं तर ताई म्हणते, “समोर अडवणारं कुणीतरी नको? नाहीतर तो उडी कशाला मारेल?” मलाही ते पटलं होतं. मी पुढे काही विचारलं नाही.

तिचा एकच नियम मला फार दिवस कळत नव्हता. खऱ्या माणसाचं जुनं कार्ड ती करत नाही. एकदा एक बाई आल्या होत्या, वडिलांच्या पंचाहत्तरीला त्यांचं तरुणपणातलं जुनाट कार्ड हवं होतं. ताईने सरळ नाही म्हणून सांगितलं. बाई हिरमुसून गेल्या आणि मी ताईवर तोंडसुख घेतलं. ती शांतपणे म्हणाली, “पडद्यावरच्यांना लहानपण नसतं, तरुणपण नसतं. त्यांना मी ते देते. तुझ्यामाझ्यासारख्यांना ते होऊन गेलेलं असतं. त्यात मागाहून हात घालायचा नाही.” मला तेव्हा तो नुसता आगाऊपणा वाटला.

मग एका दुपारी कॅप्टन आमच्या घरी आला.

कॅप्टन म्हणजे इथल्या खेळाच्या क्लबचा अध्यक्ष. तरुणपणी मुलांच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होता, म्हणून अजून सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं. त्याच क्लबात ताई मुलींच्या संघातून खेळायची. हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, मटार सोलता सोलता कळलं, आणि त्या दिवशी माझ्या हातून शेंगाच शेंगा चुरगळल्या गेल्या.

झालं होतं असं. क्लबने त्या वर्षी जाहीर केलं की जो संघ चषक आणेल त्याची कार्डं छापू. मुलांचा संघ अंतिम सामन्याआधीच घरी आला. मुलींनी चषक आणला. सगळा गाव स्टेशनवर आला होता म्हणे. आणि नंतर कार्डं छापून आली ती मुलांची! कॅप्टनचं कार्ड, राखीव खेळाडूंची कार्डं, इतकंच काय, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या पोराचंही कार्ड. मुली ऑफिसात विचारायला गेल्या तर चिटणीस म्हणाले, “कागद संपला गं पोरींनो.” कॅप्टन तिथेच उभा होता, हातात स्वतःच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. एक शब्द बोलला नाही. माझा नवरा तेव्हा शाळेत होता आणि सख्ख्या बहिणीला डावलून छापलेली ती कार्डं त्याने हौसेने जमवली! आजही म्हणतो, “माझा सगळा सेट होता, फक्त कॅप्टनचं कार्ड कुठे गेलं कळलंच नाही.” तो हे म्हणतो तेव्हा ताई ताटात बघून जेवत असते.

तर असा हा कॅप्टन आमच्या कोचावर बसून गोड गोड बोलत होता. क्लबला पन्नास वर्षं झाली. मोठं प्रदर्शन भरवायचंय. काचेच्या कपाटात त्या वर्षीचा चषक आणि शेजारी कार्डांचा सेट मांडायचाय.

“पण फक्त मुलांचीच कार्डं मांडली तर हल्ली बरं दिसत नाही हो,” तो म्हणाला. “लोक लगेच बोट दाखवतात. म्हणून समितीने ठरवलं, मुलींचीही करून घ्यायची. तुमच्याइतकं हुबेहूब जुनं दुसरं कोण करणार?”

“जुनं म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे त्याच वर्षाची वाटली पाहिजेत. तोच पुठ्ठा, खाली तेच साल. मुलांच्या शेजारी ठेवली की एकाच वेळी छापल्यासारखी. कुणाला कळणार आहे?”

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला असं म्हणता येणार नाही. बशांमध्ये चहा सांडला, आणि मी तो पुसला नाही. निर्लज्जपणाला काही सुमार? ज्याने हिसकावून घेतलं त्यानेच येऊन सांगायचं, की आता तुमच्याच हाताने असं काहीतरी करून द्या की आम्ही हिसकावलंच नव्हतं असं दिसेल! वर “तुमचा मान” हे शब्द तो दोनदा बोलला.

“विचार करते,” ताई म्हणाली.

तो गेल्यावर मी फाडफाड बोलले. “विचार कसला करायचाय त्यात? तोंडावर नाही म्हणायचं होतं!”

“तू नाही खेळलीस,” ताई म्हणाली आणि वर निघून गेली.

मला ते लागलं. पण संध्याकाळी फोन आला तेव्हा कळलं की ती असं का म्हणाली. फोन शिडीचा होता. शिडी म्हणजे त्यांच्या संघातली सगळ्यात उंच मुलगी. आता काठी घेऊन चालते, दिसतंही कमी, पण आवाज खणखणीत. फोन ताईच्या कानाला असूनही मला जिन्यात सगळं ऐकू येत होतं.

“कॅप्टन माझ्याकडेही आला होता. कर गं बाई. माझी नातवंडं म्हणतात, आजी, तू थापा मारतेस, तू कुठली खेळाडू. माझ्याकडे दाखवायला काय आहे सांग?”

“पण ते खोटं असेल शिडे.”

“आपण जिंकलो ते खोटं होतं का? मग झालं तर! तू सासवांची कार्डं करतेस, रोबोंची करतेस, आणि माझं करताना तुला तत्त्वं आठवतात?”

धाडकन फोन ठेवला तिने. ताई बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. मी नळ बंद करायला सांगणार होते, ते राहूनच गेलं.

पुढचे काही दिवस ताई खोलीत कोंडून घेतल्यासारखी होती. रोज स्वेटर घालून बाजारात जायची आणि भाजी न घेताच परत यायची. मग एका सकाळी तिने मला वर बोलावलं. टेबलावर एकच कार्ड होतं.

तिचं स्वतःचं. दोन वेण्या, हातात चेंडू, ओठ घट्ट मिटलेले. करडा पुठ्ठा, सरकलेला तांबडा रंग, मऊ पडलेले कोपरे, खाली ते साल. एका कोपऱ्यात घडी पडल्याची खूण, वर्षानुवर्षं कुणाच्या तरी कंपासपेटीत राहिल्यासारखी. मी इतकी तावातावाने विरोधात होते, पण खरं सांगते, ते कार्ड बघून माझा विरोध विरघळला. हे त्या पोरीच्या हातात त्या वर्षी पडायला हवं होतं.

“छान झालंय,” मी म्हटलं.

“फार छान झालंय,” ताई म्हणाली. “आज सकाळी मी ते खिशातून काढलं आणि मला आठवायला लागलं की हे मला मिळालं होतं. चिटणिसांनी हातात दिलं होतं. मी आईला दाखवायला धावत आले होते.” तिचा आवाज चिरकला. “असं काही झालं नव्हतं गं. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले होते. मलाच जर हे खरं वाटायला लागलं, तर बाकीच्यांचं काय? मग ती मोरीत बसलेली मुलगी कशासाठी रडत होती?”

ताईने ते कार्ड पुठ्ठा कापायच्या यंत्रात सरकवलं आणि पातं खाली ओढलं. एकदा, मग आडवं धरून पुन्हा एकदा. मी “अहो, अहो” करत राहिले.

“आता ऐक,” ती म्हणाली. “कार्डं होणार. पण आजची.”

आणि मग ती कामाला लागली. संघातल्या एकेकीच्या घरी जाऊन तिने मोबाइलवर फोटो काढले, आहेत तशा. पिकलेले केस, जाड चष्मे, एकीच्या कडेवर नातू. एक आता हयात नाही. तिच्या मुलीने कपाटातून तिचे खेळायचे बूट काढून दिले, तर त्या कार्डावर ते बूटच आले. शिडीकडे मीही गेले होते. शिडीने आधी दारातूनच तोंड फिरवलं. मग ताईने यंत्रात कापलेलं आपलं कार्ड तिच्या हातात ठेवलं, चार तुकडे. शिडीने ते डोळ्यांजवळ नेऊन बोटांनी जुळवले.

“गाढव आहेस,” ती म्हणाली. “किती सुंदर केलं होतंस.” आणि मग, “काठी फोटोत घेऊ नकोस.”

“काठी राहू दे,” ताई म्हणाली.

शेवटी शिडीने लिपस्टिक लावली आणि ती काठी आडवी धरून अशी उभी राहिली, की जणू बचाव फोडून कुणी आत येऊन दाखवावंच.

ही कार्डं पांढऱ्याशुभ्र कागदावर छापली. कोपरे टोकदार, रंग जागच्या जागी, चहाचा थेंब नाही. मागे त्या सामन्यांतले खरे आकडे, जुन्या वर्तमानपत्रांतून काढलेले, आणि पुढे खाली ठळक अक्षरात या वर्षाचं साल.

प्रदर्शनाच्या दिवशी मी ताईबरोबर गेले. क्लबच्या हॉलच्या दारातच कॅप्टनचं ते जुनं कार्ड माणसाएवढं मोठं करून लावलं होतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. कॅप्टन उंच उडालाय, चेंडू डोक्यावर, कोपराला काळा पट्टा. आणि डाव्या कडेच्या चौकटीतून एक हात आत आलाय. मनगटापर्यंतच. बोटं पसरलेली, अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी.

मी तिथेच खिळले. “ताई, हा हात तुमचा आहे!”

“हो,” ताई म्हणाली. “फोटोग्राफर आला त्या दिवशी मुलांना खेळायला समोर कुणी नव्हतं. आम्हाला उभं केलं. माझा अंगठा मुरगळला होता.” मग म्हणाली, “तो बास्केट झाला नव्हता. मी अडवला होता.”

म्हणजे एवढी वर्षं ती कार्डावर होतीच! कापून टाकलेली! आणि या माणसाने तिला कापून काढलेला तो फोटो घराघरांत वाटला, आणि आज दारात टांगला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचं ते हरवलेलं कार्ड चुलीत कुणी घातलं असेल हेही मला त्याच क्षणी कळलं, आणि चांगलं केलं असंच वाटलं.

कॅप्टन हसत पुढे आला. ताईने खोका त्याच्या हातात दिला. त्याने वरचं कार्ड काढलं आणि हसू मावळलं.

“ही तर नवी आहेत.”

“हो.”

“अहो, पण ठरलं काय होतं आपलं?”

“तुमचं ठरलं होतं,” मी म्हटलं. “आम्ही फक्त चहा दिला होता. तोही निम्मा सांडला.”

“ही कपाटात कशी ठेवणार? विजोड दिसतील. खाली सालसुद्धा आजचं. लोक विचारतील ना, की तेव्हा का नाही छापली?”

“विचारू देत,” ताई म्हणाली.

तेवढ्यात त्यांचा संघ आला. शिडी पुढे, काठी टेकत, मागे बाकीच्या. कॅप्टन कपाटाला पाठ लावून उभा राहिला, जणू कुणी चषकच पळवणार होतं. पण ताई कपाटाकडे गेलीच नाही. सामन्यांचे गुण लिहिणाऱ्यांचं एक जुनं टेबल कोपऱ्यात पडलं होतं, ते तिने आणि मी मिळून ओढत दाराशी आणलं, कॅप्टनच्या मोठ्या चित्राच्या बरोब्बर खाली, आणि त्यावर कार्डं मांडली. लोक आत येताना आधी तिथेच थांबायला लागले. शिडीची नातवंडं आपल्या आजीचं कार्ड उलटसुलट करून बघत होती आणि शिडी त्यांना “बोटं पुसा आधी” म्हणून ओरडत होती. कुणीतरी विचारलंच, की तेव्हा का नाही छापली. शिडीने सगळं सांगितलं, आणि तिचा आवाज खणखणीत आहे हे मी आधीच सांगितलंय.

कॅप्टन शेवटी टेबलापाशी आला. न येऊन काय करणार, सगळी गर्दी तिथे होती. एक एक कार्ड चाळत तो शेवटच्या कार्डापाशी थांबला.

तेवढं एक कार्ड फोटोचं नव्हतं, हाताने काढलेलं होतं. पण कागद नवा आणि खाली साल आजचंच. दोन वेण्यांची एक मुलगी पूर्ण उंच उडालीय, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत आख्खी. अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी, तळवा चेंडूवर सपकन बसलेला. आणि उजव्या कडेच्या चौकटीतून फक्त एक कोपर आत आलंय. काळ्या पट्ट्याचं.

कॅप्टनने मान वर करून भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं, मग परत कार्डाकडे. त्याचे कान लाल झाले.

“हे... हे माझं कोपर आहे,” तो म्हणाला. “नुसतं कोपरच? मला पूर्ण का नाही काढलंत?”

ताईने त्याच्या हातातून कार्ड अलगद काढून घेतलं आणि टेबलावर जागच्या जागी ठेवलं.

“कागद संपला,” ती म्हणाली.